श्रव्य काव्य आणि दृष्टिहीन वाचक : बालकवींच्या निसर्गकवितेसंबंधी एक विचार

१

धरणगाव (जि. जळगाव) येथे १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांच्या कवितेविषयी मराठी समीक्षेने जी विशेषणे रूढ केली, त्यांपैकी बहुतेकांचा संबंध डोळ्यांशी आहे. शब्दचित्रे, रंगांची उधळण, चित्रमय शैली, कवीचा कुंचला, निसर्गाचे देखावे, हे शब्द बालकवींच्या संदर्भात इतक्यांदा योजले गेले आहेत की, ‘निसर्गकवी’ या बिरुदाचा अर्थही व्यवहारात ‘निसर्गाची चित्रे रेखाटणारा कवी’ असाच घेतला जातो. ही विशेषणे निराधार आहेत असे म्हणता येणार नाही. परंतु समीक्षेतील विशेषण हे निव्वळ वर्णन नसते. वाचकाने कवितेकडे कोणत्या वाटेने जावे याची ती एक सूचनाही असते. या वाटेच्या तोंडाशी डोळ्यांचा पहारा बसविल्यानंतर ज्या वाचकाला दृष्टी नाही त्याने काय करावे, हा प्रश्न आजवर क्वचितच विचारला गेला आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक स्वरूपाचा नव्हे. मराठी हा विषय घेऊन पदवी व पदव्युत्तर परीक्षांना बसणारे दृष्टिहीन विद्यार्थी विद्यापीठांत आहेत, आणि बालकवींवाचून आधुनिक मराठी कवितेचा अभ्यासक्रम पुरा होत नाही. या विद्यार्थ्याला ‘बालकवींच्या शब्दचित्रांचे सौंदर्य विशद करा’ असा प्रश्न विचारला जातो, तेव्हा तो लेखनिकाला जे उत्तर सांगतो ते बहुधा डोळस टीकाकारांच्या पाहण्याचे पाठांतर असते. त्याला गुण मिळतात. कविता मिळते की नाही याची चौकशी कोणी करीत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ याच्या २९ व्या कलमाने कला अशा व्यक्तींना सुलभ करून देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, आणि त्याच कलमात कला व संस्कृतीविषयक अभ्यासक्रमांची त्या दृष्टीने पुनर्रचना करण्याचाही निर्देश आहे. यातील पहिल्या भागाचा अर्थ सामान्यतः उतरत्या फरशा, उपकरणे, पुस्तके असा लावण्यात येतो, आणि तो योग्यच आहे. दुसऱ्या भागाचा रोख मात्र अध्यापनावर, म्हणजे पर्यायाने समीक्षेवर आहे.

बालकवींची कविता दृष्टिहीन वाचकाला दुर्गम वाटत असेल, तर त्या दुर्गमतेचा फार थोडा अंश कवितेतला असून उरलेला तिच्याविषयी बोलण्याच्या रूढ पद्धतीतला आहे, हे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. यातून दृष्टिहीन वाचकाची सोय होईल, हा एक लाभ. बालकवींच्या कवितेचे जे गुण ‘चित्र’ या एका शब्दाच्या आड झाकले गेले आहेत ते सर्वच वाचकांपुढे येतील, हा दुसरा.

२

संस्कृत काव्यशास्त्राने काव्याचे दृश्य आणि श्रव्य असे दोन भेद केले. नाटक हे दृश्य, आणि इतर काव्य श्रव्य. ऋतुवर्णन कितीही रंगतदार असले, तरी महाकाव्याची गणना श्रव्यातच झाली; रंगांची नावे आली म्हणून ते दृश्य ठरले नाही. छापखाना आल्यानंतर कविता डोळ्यांनी वाचण्याची वस्तू झाली आणि श्रव्य या संज्ञेतील मूळ अर्थ विस्मरणात गेला. तरीही मराठी कविता ऐकली जाण्याचे थांबले नाही. १९०७ साली जळगाव येथे भरलेल्या महाराष्ट्र कविसंमेलनात तरुण ठोंबऱ्यांनी आपल्या कविता म्हणून दाखविल्या आणि अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. म्हणजे ज्या नावाने हा कवी ओळखला जातो ते नावच त्याला श्रोत्यांनी दिलेले आहे. पुढे १९२३ साली स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाच्या कवींनी काव्यगायनाला जी लोकप्रियता मिळवून दिली, तिच्याही मागे हीच जुनी सवय होती.

पाश्चात्त्य विचारातही हा प्रश्न वेगळ्या वाटेने आलेला आहे. जर्मन समीक्षक लेसिंग याने १७६६ साली प्रसिद्ध केलेल्या ‘लाओकोऊन’ या ग्रंथात चित्र व काव्य यांची सीमा आखून दिली. चित्र आपली सामग्री अवकाशात एकाच वेळी मांडते. काव्य ती काळात, एकामागून एक अशी मांडते. म्हणून स्थिर देखाव्याची यादी करणारा कवी चित्रकाराची दुय्यम नक्कल करतो, आणि वस्तू घडताना किंवा हलताना दाखविणारा कवी आपल्या कलेच्या क्षेत्रात राहतो. त्याच्या काही वर्षे आधी, १७५७ साली, एडमंड बर्क याने उदात्त व सुंदर यांवरील आपल्या प्रबंधाच्या अखेरच्या भागात याहून धीट विधान केले. शब्द मनावर परिणाम करतात तो मनात चित्र उमटवूनच करतात असे नाही, हे त्याचे प्रतिपादन. त्यासाठी त्याने पुढे केलेली उदाहरणे दृष्टिहीन व्यक्तींची आहेत. ब्लॅकलॉक हा अंध कवी दृश्य वस्तूंचे वर्णन डोळस कवींच्या तोडीने करीत असे. केंब्रिज येथे गणिताचे अध्यापन करणारे सॉन्डर्सन दृष्टी नसताना प्रकाश व रंग या विषयांवर व्याख्याने देत असत.

बर्कच्या प्रतिपादनाचा पहिला अर्धा भाग आजही टिकणारा आहे. ‘हिरवे रान’ हे शब्द वाचताना डोळस वाचकाच्या मनात प्रत्येक वेळी रानाची प्रतिमा उभी राहतेच असे नाही, आणि न राहिल्याने त्याचे वाचन थांबत नाही. परंतु त्याने दृष्टिहीन व्यक्तीजवळ दृश्य वस्तूंबाबत नुसते शब्द असतात असे गृहीत धरले, ते अपुरे आहे. तिच्याजवळ शब्दांखेरीज उरलेली सर्व इंद्रिये आहेत, आणि ज्या भाषेत ती वाढली त्या भाषेने रंगांना जोडून दिलेले सारे व्यवहारही आहेत. खानदेशातील शेतकरी शेतजमिनीला काळी आणि गावठाणाला पांढरी म्हणतो. काळी-पांढरीचा हा भेद समजण्यासाठी डोळे लागत नाहीत. पायाखालच्या मातीची चिकण आणि वस्तीची धूळ यांतील अंतर पुरेसे असते. भाषेत रंगाचे नाव अशा रीतीने एका भेदाचे नाव होऊन बसते, आणि भेद कळण्याच्या वाटा अनेक असतात.

बा. सी. मर्ढेकर यांनी साहित्याच्या माध्यमाचा विचार करताना हीच गोष्ट सौंदर्यशास्त्राच्या परिभाषेत मांडली. चित्राचे माध्यम रंगसंवेदना, संगीताचे माध्यम स्वरसंवेदना. साहित्याचे माध्यम मात्र शब्दांच्या नादातही नाही आणि त्यांनी सुचविलेल्या दृश्यातही नाही, ते भावनायुक्त अर्थांत आहे. भावनानिष्ठ समतानता ही त्यांची संज्ञा याच भूमिकेतून आली. ही भूमिका मान्य केली, तर रंगाचे नाव कवितेत येते तेव्हा ते रंगद्रव्य म्हणून येत नाही, भावार्थाचा एक घटक म्हणून येते, हेही मान्य करावे लागते. मग बालकवींच्या हिरव्या रंगाचा हक्क केवळ डोळस वाचकाकडे कसा राहील?

३

सिद्धांत कितीही पटला तरी अखेर कौल कवितेकडेच मागावा लागतो. प्रथम ‘फुलराणी’ घ्यावी. हिरवळीच्या गालिच्याचे चित्र म्हणून या कवितेचा प्रारंभ नेहमी दाखविला जातो. तो बारकाईने पाहिला असता असे आढळते की, हिरव्या रंगाचा उच्चार होतो न होतो तोच तो रंग थंड होतो आणि मखमलीचा होतो. गारवा आणि मखमल या दोन्ही गोष्टी तळहाताला व तळपायाला कळणाऱ्या आहेत. कवीने गवताचा रंग सांगून वाचकाला दूर उभे केलेले नाही. त्याने त्याला गवतावर चालविले आहे. पुढे कवितेत जे घडते ते तर सरळ सरळ लग्नघरचे वातावरण आहे. वारा सनई धरतो, कोकिळ ताना घेतो, निर्झर पखवाज वाजवितात, भारद्वाज नाचू लागतो. मराठी माणूस लग्नघर ओळखतो ते मांडवाच्या रंगावरून जितके, तितकेच रस्त्याच्या वळणावरून ऐकू येणाऱ्या वाजंत्रीवरून. सोळा मात्रांची जी धावती चाल या कवितेला आहे तीही या वाजंत्रीचाच एक भाग आहे. ‘फुलराणी’ला प्रकाशाची परीकथा म्हणणे योग्य आहे, पण ती नादाचीही परीकथा आहे, हे सांगण्यास समीक्षा सहसा विसरते.

‘श्रावणमास’ ही कविता याहून कठीण कसोटी लावते, कारण तीत इंद्रधनुष्य आहे. नादाने, वासाने वा स्पर्शाने न कळणारी सृष्टीतील एखादी वस्तू निवडावयाची झाल्यास इंद्रधनुष्याकडेच बोट जाईल. बालकवींनीही त्याचा उल्लेख वर पाहण्याच्या क्रियेला जोडूनच केला आहे. परंतु पाहिल्यानंतर त्यांनी त्याचे काय केले हे लक्षात घेण्याजोगे आहे. त्यांनी त्याचा दुपेडी गोफ विणला आणि आकाशाच्या मांडवाला त्याचे तोरण बांधले. सात रंगांची नावे कवितेत नाहीत. गोफ हा बोटांना ठाऊक असलेला आकार आहे. पेड एकमेकांवरून कसे जातात हे विणणाऱ्या हाताला डोळ्यांहून अधिक कळते. तोरण हे दारावर हाताने बांधण्याचे मंगलचिन्ह आहे. केवळ दृश्य अशी एक वस्तू कवीने हस्तकौशल्याच्या भाषेत उतरविली, आणि तसे करताना ती दृष्टिहीन वाचकाच्या हाती आणून ठेविली. त्या वाचकाला इंद्रधनुष्य दिसत नाही हे खरे. पण कवितेत जे आहे ते आकाशातील इंद्रधनुष्य नसून हे विणलेले इंद्रधनुष्य आहे.

याच कवितेत ऊन व सर यांचा लपंडाव आहे, आणि तो अंगावर जाणवणारा आहे. दरवळणारा केवडा आहे. गुराख्याचे गाणे आणि एका सुरात चाललेला त्याचा पावा आहे. पारिजात आला आहे तो सत्यभामेच्या रोषाची कथा घेऊन, म्हणजे ऐकीव परंपरेचा सुगंध घेऊन. या सर्व सामग्रीतून निव्वळ दृश्य असा भाग वेगळा काढला, तर उरलेली कविता काही लंगडी पडत नाही.

‘पारवा’ या कवितेत तर नात्याची उलटापालटच होते. खचलेली भिंत, कललेला खांब, पडकी धर्मशाळा यांचे वर्णन होते, पण ते सारे ज्यासाठी आहे ते कौलारावर बसून चाललेले पारव्याचे एकाकी घुमणे आहे. येथे दृश्य हे ध्वनीचे घर झाले आहे. रिकाम्या वास्तूत आवाज कसा पसरतो व परत येतो, हे ज्याला कानांनी जागा ओळखण्याची सवय आहे त्याला अधिक नेमके ठाऊक असते. या कवितेचे अध्यापन करताना दृष्टिहीन विद्यार्थ्याने वर्गाला काही सांगावे आणि वर्गाने ते ऐकावे, अशी ही जागा आहे.

४

सर्वांत अवघड उदाहरण ‘औदुंबर’ हेच आहे. आठ ओळींच्या या कवितेत हिरवा रंग तीन वेळा येतो. त्याशिवाय झऱ्याचा निळसर सावळेपणा, पायवाटेचा पांढरेपणा आणि डोहाचा काळेपणा आहे. ही कविता शुद्ध निसर्गचित्र आहे की उदास, विरक्त मनाची प्रतिमा आहे, यावर मराठी समीक्षेत दीर्घकाळ वाद झाला. परंतु चित्र म्हणणारे व प्रतिमा म्हणणारे, या दोन्ही पक्षांनी आरंभ केला तो चित्र गृहीत धरूनच. मग दृष्टिहीन वाचकाला या कवितेत प्रवेश कोठून?

प्रवेश पहिल्याच शब्दांतून आहे. झऱ्याचा अलीकडचा काठ आणि पलीकडचा काठ यांनी कविता सुरू होते. ऐल आणि पैल हे भेद रंगाचे नाहीत, आकाराचेही नाहीत. बोलणाऱ्याचे शरीर कोठे उभे आहे यावर ते अवलंबून असतात. कवितेने सर्वप्रथम वाचकाला उभे राहण्याची जागा दिली आहे. त्यानंतर पलीकडच्या टेकडीकडे चार घरांचे गाव येते, आणि त्यापुढे शेतमळे येतात. शेतमळ्यांच्या हिरवेपणाला कवीने दाटीची व गर्दीची कल्पना जोडली आहे. गर्दी ही मुख्यतः अंगाला कळणारी गोष्ट आहे. जत्रेत वा बाजारात ती डोळे मिटूनही कळते. या दाटीतून आडवीतिडवी पायवाट निघते आणि कुरणांतून डोहाकडे जाते. डोळस टीकाकार याला दूरच्या दृश्याकडून जवळच्या दृश्याकडे येणारी चित्ररचना म्हणतो. दृष्टिहीन वाचकाला ती चालण्याची वाट म्हणून कळेल: काठ, गाव, मळे, पाऊलवाट, कुरण, डोह. लेसिंगच्या कसोटीने पाहिल्यास हे दुसरे वाचनच काव्याच्या स्वभावाला अधिक धरून आहे, कारण कवितेत या गोष्टी एकत्र मांडलेल्या नसून एकीनंतर एक गाठलेल्या आहेत.

वाट जेथे संपते तेथे जे घडते ते विशेष महत्त्वाचे आहे. डोहावर काळिमा पसरतो आणि पाणी झाकळून जाते. इतका वेळ रंग दाखवीत आलेल्या कवितेत आता रंग विझतात. आणि नेमक्या या ठिकाणी कवी त्या काळिम्याला जे विशेषण देतो ते डोळ्यांच्या कक्षेतले नाही, जिभेच्या कक्षेतले आहे. तो अंधार गोड आहे. दृष्टी थकते तेथे रुची पुढे होते. त्यानंतरच्या अखेरच्या ओळीत औदुंबराचे रूप, उंची, पानांचा रंग यांपैकी काहीही नाही. तेथे आहे ती बसण्याची एक ढब: पाण्यात पाय सोडून बसणे. पायवाटेने आलेली कविता पाण्यातल्या पायांशी येऊन थांबते. ही ढब कोणालाही पाहून समजत नाही. ती स्वतःच्या पोटऱ्यांवरून गेलेल्या थंड पाण्याच्या आठवणीने समजते. म्हणजे कवितेचा कळस दृष्टिहीन वाचकासाठी पूर्णपणे उघडा आहे. किंबहुना रंगांच्या पायऱ्या चढत येणाऱ्या डोळस वाचकालाही त्या सोडून देऊनच या कळसापाशी यावे लागते.

रचनेनेही याला साथ दिली आहे. आठ आठ मात्रांची तीन आवर्तने पुरी करून प्रत्येक ओळ तीन मात्रांच्या अपुऱ्या तुकड्यावर थबकते. तीन सारखी पावले आणि मग एक अडखळलेले अर्धे पाऊल, अशी ही चाल आहे. आठही ओळींत हा थबका ऐकल्यानंतर शेवटच्या ओळीतील औदुंबराचे बसणे अनपेक्षित राहत नाही. कान त्याची वाट पाहत असतो. औदुंबर विरक्त की उदास, हा जुना वाद डोळ्यांच्या साक्षीने सुटला नाही. ओळीच्या या थबकण्यात थकवा ऐकू येतो की विसावा, असा प्रश्न केल्यास त्याला निदान नवा पुरावा मिळेल.

५

या विवेचनावर तीन आक्षेप संभवतात, आणि त्यांची उत्तरे दिल्याविना हे प्रतिपादन पुरे होणार नाही.

पहिला आक्षेप असा की, यात हानीचा हिशेब टाळला आहे. जन्मांध वाचकाला निळसर सावळ्या झऱ्याचा विशिष्ट वर्ण कळणार नाही, हे कितीही युक्तिवाद केला तरी बदलत नाही. हे मान्य केलेच पाहिजे. त्याचबरोबर दृष्टिहीन वाचक हा एकच एक नमुना नाही, हेही ध्यानी घेतले पाहिजे. उतारवयात दृष्टी गेलेल्याजवळ रंगांची स्मृती असते, अंधुक दृष्टीच्या वाचकाला प्रकाश व छाया कळतात, जन्मांधाजवळ भाषेतून आलेले रंगांचे संकेत असतात. शिवाय हानी ही प्रत्येक वाचकाच्या वाट्याला येते. ज्याने केवडा कधी हुंगला नाही, झऱ्यात पाय सोडले नाहीत, गुराख्याचा पावा ऐकला नाही, असा शहरी डोळस विद्यार्थी बालकवींपाशी पुष्कळ गोष्टी गमावतो. त्याला मात्र कोणी कवितेच्या दारातून परत पाठवीत नाही.

दुसरा आक्षेप अधिक मर्मावरचा आहे. डोळ्यांच्या जागी कान बसविले, तर श्रवणशक्ती नसलेल्या वाचकाचे काय? मग त्याच्यासाठी ‘पारवा’ बंद झाली असे म्हणावे लागेल. हा आक्षेप या लेखातील भूमिकेला एक आवश्यक मर्यादा घालतो. कवितेवर एका इंद्रियाची मक्तेदारी मोडून दुसऱ्याची स्थापावी, असा अर्थ येथे कोणी घेऊ नये. बधिर वाचक पडक्या भिंतीतून व रित्या धर्मशाळेतून पारव्याच्या एकाकीपणाशी पोहोचेल, आणि मात्रांची आवर्तने हाताच्या ठेक्यातही धरता येतात. चांगल्या कवितेत एकाच भावार्थाकडे नेणाऱ्या अनेक वाटा असतात. समीक्षेने त्या सर्व दाखवाव्यात, एवढेच येथे म्हणावयाचे आहे.

तिसरा आक्षेप प्रत्यक्षात आक्षेप म्हणून येत नाही, स्तुती म्हणून येतो. दृष्टिहीन माणसाला अंतर्दृष्टी असते, तो प्रज्ञाचक्षू असतो, त्याला आमच्याहून अधिक दिसते, असे मोठ्या आदराने म्हटले जाते. विदर्भातील संत गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) यांना प्रज्ञाचक्षू म्हणतात. तान्हेपणीच दृष्टी गेलेल्या या पुरुषाने शंभराहून अधिक ग्रंथ रचले, हे अलौकिकच होय. परंतु त्या अलौकिकतेमागे एक लौकिक व्यवस्थाही होती: ग्रंथ वाचून दाखविणारे लोक होते आणि सांगितलेले लिहून घेणारे लोक होते. प्रज्ञा महाराजांची, पण त्यांच्यापर्यंत ग्रंथ पोहोचविला तो वाचणाऱ्यांच्या आवाजाने. प्रज्ञाचक्षू हे बिरुद देऊन ही वाचणारी माणसे विसरली, तर ते बिरुद गौरवाचे न राहता जबाबदारी झटकण्याचे निमित्त होते. ज्याला आतून सर्व दिसते त्याला पुस्तक कशाला हवे, असा त्यातून सोयीस्कर निष्कर्ष निघतो.

६

तेव्हा पुस्तकाचा विचार आलाच. बालकवी ५ मे १९१८ रोजी भादली रेल्वे स्थानकाजवळ अपघातात निवर्तले; त्यांच्या कवितांवरील स्वामित्वहक्काची मुदत केव्हाच संपली आहे. त्यामुळे त्या ब्रेलमध्ये, ध्वनिमुद्रित स्वरूपात किंवा संगणकाला वाचता येईल अशा संहितेत आणण्यास परवानगीचा प्रश्न उद्भवत नाही. स्वामित्वहक्क शिल्लक असलेल्या पुस्तकांबाबतही २०१२ च्या कायदादुरुस्तीने वाट मोकळी केली, आणि २०१३ च्या मराकेश कराराला २०१४ साली सर्वप्रथम मान्यता दिली ती भारतानेच. भारतीय भाषांसाठी समान अशी भारती ब्रेल १९५१ पासून आहे. राष्ट्रीय अंध संस्था १९५२ साली मुंबईत स्थापन झाली. २०१६ साली सुगम्य पुस्तकालय हे संगणकीय ग्रंथालय सुरू झाले. साधने आहेत, त्यांचा साहित्याच्या अंगाने विचार करणे हे भाषाविभागांचे काम आहे.

हा विचार का करावयास हवा, ते दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. देवनागरी छपाईत ऱ्हस्व इकाराची वेलांटी व्यंजनाच्या आधी लिहिली जाते, उच्चार मात्र नंतर होतो. भारती ब्रेलमध्ये स्वर उच्चाराच्या क्रमाने व्यंजनानंतरच येतो. म्हणजे सहा टिंबांची ही लिपी छापील लिपीपेक्षा कानाला अधिक जवळची आहे, आणि बोट ती एकेक अक्षर करून काळाच्या क्रमाने वाचते. श्रव्य काव्याला याहून अनुरूप लिपी शोधून सापडणार नाही. याउलट संगणकाचा कृत्रिम आवाज कविता गद्यासारखी वाचतो. ‘औदुंबर’मधील ओळीअखेरचा थबका त्यात हरवतो, आणि त्या थबक्याचे मोल किती आहे हे वर पाहिलेच. म्हणून माहितीपर ग्रंथांना यंत्राचा आवाज चालेल, कवितेला जाणत्या माणसाचा हवा. जुन्या संग्रहांची पाने नुसती छायाचित्रे म्हणून संगणकावर चढविली, तर पडद्यावरील मजकूर वाचणाऱ्या यंत्राला त्यांतून एक अक्षरही लागत नाही. तेथे संहिता अक्षरशः टंकित करून, पाठभेद तपासून द्यावी लागते. हे संपादनाचे काम आहे, आणि मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला ते शिकविलेच जाते.

अध्यापनात करावयाचा बदल त्याहून सोपा आहे. ‘शब्दचित्रे विशद करा’ या प्रश्नाऐवजी ‘या कवितेत निसर्ग कोणकोणत्या इंद्रियांना जाणवतो आणि त्या जाणिवा एकमेकींत कशा मिसळतात’ असा प्रश्न विचारता येईल. तो दृष्टिहीन विद्यार्थ्यासाठी केलेली सवलत ठरणार नाही, कारण डोळस विद्यार्थ्यालाही त्याचे उत्तर पाठ करून देता येणार नाही. कविता वर्गात आधी म्हटली जावी आणि नंतर पुस्तक उघडले जावे, हा दुसरा बदल. आणि धरणगावात बालकवींच्या नावाने जे काही उभे राहील, त्यात भिंतीवरील चित्रांइतकेच स्थान म्हटलेल्या कवितांना आणि बोटांनी वाचता येणाऱ्या पानांना मिळावे, ही अपेक्षा या कवीच्या बाबतीत तरी अवाजवी नाही.

खानदेशाला याबाबत दूरचे दाखले शोधण्याची गरज नाही. जळगावनजीकच्या आसोदे गावी जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांची गाणी कानांवर पडली, घरच्यांनी टिपून ठेवली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने आली. त्या निरक्षर असताना कविता त्यांच्याजवळ होती. लिपी मागाहून, इतरांच्या हातांनी आली. २०१८ सालापासून या भागाचे विद्यापीठ त्यांचे नाव धारण करून आहे. ज्या विद्यापीठाला छापील अक्षर न वाचलेल्या कवयित्रीचे नाव आहे, त्याच्या परिसरात छापील अक्षर वाचू न शकणारा विद्यार्थी बालकवींच्या कवितेला परका राहू नये. त्यासाठी लागणारी दया कमी असली तरी चालेल. कवितेकडे अधिक बारकाईने लक्ष देणे मात्र आवश्यक आहे, आणि ते तर समीक्षेचे नित्याचेच काम होय.